ओझरहून दिल्ली: सेन्सर, बॅटऱ्या आणि वायरींचं सामान हँडबॅगेत कसं न्यावं?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. दिल्लीत शेती-उपकरणांच्या प्रदर्शनात आम्ही स्टॉल घेतलाय आणि या वेळी नाशिकजवळच्या ओझर विमानतळाहून विमानाने जायचं ठरलंय. एरवी रेल्वेने जातो, त्यामुळे सामानाचा विचार कधी करावाच लागला नाही.

द्राक्षबागेत जमिनीचा ओलावा मोजणारं यंत्र आम्ही बनवतो. प्लास्टिकचा डबा, आत सर्किट बोर्ड आणि चार्ज होणारे लिथियमचे सेल, बाहेर लोंबणाऱ्या वायरी, आणि टोकाला मातीत खुपसायचा स्टीलचा टोकदार दांडा. असे तीन नग न्यायचेत. शिवाय लॅपटॉप, दोन पॉवर बँका, मल्टिमीटर, सोल्डरिंग आयर्न, स्क्रूड्रायव्हरचा संच आणि डेमोसाठी १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी. हँडबॅगेत काय ठेवू आणि चेक-इनला काय देऊ? डबा बघून कुणाला भलताच संशय येऊ नये, ही मुख्य काळजी. सोबत सासूबाई आहेत, त्यांना इन्सुलिन लागतं. तेही सांगा.

अंबड_एमआयडीसी
ताई, आधी बॅटऱ्यांचं मिटवू, कारण खरी अडचण तिथेच येते.

विमान कंपन्या मिलिअँपिअर-अवर बघत नाहीत, वॅट-अवर बघतात. हिशोब सोपा आहे: मिलिअँपिअर-अवर गुणिले व्होल्ट, भागिले १०००. लिथियम-आयन सेलचा व्होल्टेज ३.७ धरायचा. म्हणजे १०,००० ची पॉवर बँक ३७ वॅट-अवर, २०,००० ची ७४ आणि ३०,००० ची १११. १०० पर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. १०० ते १६० मध्ये विमान कंपनीची आधी परवानगी घ्यावी लागते, तीही जास्तीत जास्त दोन नगांसाठी. १६० च्या वर नाहीच. तुमचे सेल २६०० चे असतील तर एकेक साडेनऊच्या आसपास भरेल, त्याची चिंता नको.

पॉवर बँक आणि सुटे सेल चेक-इनच्या बॅगेत अजिबात टाकू नका. लिथियमचा सेल एकदा आतून तापायला लागला की स्वतःच स्वतःला पेटवत जातो आणि शेजारच्यालाही पेटवतो. केबिनमध्ये धूर दिसला तर कर्मचारी धावून पाणी ओततील, पण खालच्या कप्प्यात कोण जाणार? तिथल्या हॅलॉन वायूने ज्वाळा दबतात, सेलच्या आतली उष्णता थांबत नाही. ३ सप्टेंबर २०१० ला दुबईहून निघालेलं यूपीएसचं मालवाहू विमान अशाच आगीत गेलं, त्यात लिथियम बॅटऱ्यांचा मोठा माल होता. दोन्ही वैमानिक दगावले. म्हणून हा नियम मनापासून पाळा.

सुट्या सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा आणि कप्प्यांच्या प्लास्टिक डबीत ठेवा. नाण्यांच्या किंवा किल्ल्यांच्या कप्प्यात सुटे सोडू नका.

पॉवर बँकेवरचा आकडा वाचता आला पाहिजे. छापील मजकूर पुसला गेला असेल किंवा नावगावच नसेल, तर ती घरीच ठेवा. तिथे तुम्ही तोंडी सांगितलेली क्षमता कुणी धरत नाही.

१२ व्होल्टची बॅटरी मात्र नेऊच नका. न सांडणारी लेड-ॲसिड बॅटरी १२ व्होल्ट आणि १०० वॅट-अवरपर्यंत आंतरराष्ट्रीय नियमांत बसते, तुमची ८४ होते. पण काउंटरवर हे पटवत बसावं लागेल आणि वजनही खूप. चांदनी चौकाजवळच्या लजपत राय मार्केटमधून तिथेच विकत घ्या.

एक्सरेची_खुर्ची
मी काही वर्षं बॅगा तपासायच्या यंत्रासमोर बसून काम केलंय (कुठे ते सांगत नाही). पडद्यावर काय दिसतं ते सांगतो, मग पॅकिंग कसं करायचं ते आपोआप कळेल.

पडद्यावर धातू निळा दिसतो. अन्न, कापड, साबण, कागद हे सगळं सेंद्रिय म्हणून केशरी. मधलं हिरवं. आणि किरण आरपार जात नाहीत इतकी जाड वस्तू काळी. स्फोटकंही बहुतेक सेंद्रियच, म्हणजे केशरी. आता विचार करा: केशरी लगदा, त्याला चिकटून बॅटरी, बोर्ड आणि वायरींचा गुंता. असं चित्र आलं की बसलेला माणूस पट्टा थांबवणारच, तेच त्याचं काम. तुमच्या यंत्राशेजारी चिवड्याचं पाकीट आणि पेढ्यांचा बॉक्स ठेवलात तर नेमकं तेच चित्र तयार होईल. खाऊ वेगळ्या बॅगेत ठेवा, निदान दुसऱ्या टोकाला.

लॅपटॉप ट्रेमध्ये काढायला लावतात त्याचंही कारण हेच. त्याची बॅटरी आणि बोर्ड दाट असल्यामुळे खालचं सगळं झाकलं जातं. तुमचे तीन डबेही न सांगता ट्रेमध्ये काढून ठेवा, एकावर एक न रचता शेजारी शेजारी. वायरी गुंडाळून वेलक्रोच्या पट्टीने बांधा. सर्किट चालू ठेवू नका, लुकलुकणारा दिवा तर मुळीच नको. मात्र चार्ज असू द्या, "चालू करून दाखवा" म्हणाले तर दाखवता यायला हवं.

आता एक गोष्ट खास तुमच्यासाठी. संशय आला की कापडाची पट्टी वस्तूवर फिरवून यंत्रात घालतात, स्फोटकांचे कण शोधायला. खतांमधल्या नायट्रेटमुळे ते यंत्र ओरडू शकतं. बागेत १३:००:४५ (म्हणजे पोटॅशियम नायट्रेटचं खत) किंवा कॅल्शियम नायट्रेट सोडलेल्या मातीत तुमचे सेन्सर खुपसलेले असतील, तर तेच नग नेऊ नका. नवे न्या. नाहीतर दांडा, वायर, डबा, सगळं साबणाने धुऊन पुसून घ्या, आणि बॅगसुद्धा शेतावर जाणारी नको.

कंपनीच्या लेटरहेडवर चार ओळी टाईप करून घ्या: यंत्र काय आहे, किती नग, कुठल्या प्रदर्शनाला चाललेत. प्रत्येक डब्यावर नाव आणि व्होल्टेज छापलेलं स्टिकर लावा. कागदामुळे तपासणी टळणार नाही, पण बोलणं लवकर आटोपतं.

कॉलेजरोडवाली
वजनाकडे बघा गं. हँडबॅगेला साधारण ७ किलोची मर्यादा असते आणि डबे, लॅपटॉप, चार्जर मिळून ती कधी ओलांडली कळतही नाही. घरीच काट्यावर ठेवून बघ. टोकदार दांडे, स्क्रूड्रायव्हर, पक्कड, कटर आणि सोल्डरिंग आयर्न चेक-इनला दे. आयर्न विजेवरचं असेल तरच हं, गॅसवरचं कुठेच चालणार नाही. लायटर आणि काडेपेटीही दोन्हीकडे बाद. मल्टिमीटर हँडबॅगेत चालावा, फक्त त्याच्या टोकदार प्रोब चेक-इनला टाक.

ओझरला एचएएलची (विमानं बनवणाऱ्या सरकारी कंपनीची) धावपट्टी आणि हवाई दलाचा तळ आहे, तेव्हा बाहेरचे फोटो काढायच्या भानगडीत पडू नकोस.

गंगापूर_रोड
सासूबाईंचं इन्सुलिन नेहमी हँडबॅगेतच ठेवा. सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकतं, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वापरायचं नसतं. शिवाय बॅग मागे राहिली तर काय करणार? मूळ खोक्यात, त्यांच्या नावाच्या प्रिस्क्रिप्शनसह ठेवा, पेनाच्या सुया त्यासोबतच. थंड पिशवीतल्या जेलच्या पॅकला इन्सुलिन थेट टेकू देऊ नका, मध्ये रुमाल घाला. तपासणीला उभं राहताना जवानाला आधीच सांगा, "औषध आहे, इन्सुलिन." आमच्या आईच्या वेळी एवढं पुरलं. डायबिटीसवाल्यांना रांगेत भूक लागून चालत नाही, बिस्किटाचा पुडा जवळ असू द्या.

सासूबाई नातेवाइकांसाठी काही नेणार असतील तर मिरचीचं लोणचं आणि लाल तिखट हँडबॅगेत घेत नाहीत. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तर चेक-इनलाही नाहीत, त्यातल्या तेलामुळे ते आग धरणाऱ्या पदार्थांत मोडतं.

गोदाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. खताचं तर डोक्यातही आलं नसतं. प्रदर्शनासाठी काढलेले दोन नग पिंपळगावच्या बागेतून परत आलेले आहेत, ते बदलून कोरे घेतेय. एका पॉवर बँकेवर ७४ वॅट-अवर स्पष्ट लिहिलंय, दुसरीचा आकडा पुसलाय, ती राहिली घरी. सासूबाईंनी खोबरं बाजूला काढलं, जरा नाराजीने.

एक शंका उरली. यंत्रातले सेल आतच ठेवू की काढून डबीत घेऊ?

अंबड_एमआयडीसी
होल्डरमधले असतील तर काढून घ्या. सर्किट मेलेलं राहतं, आणि सेल वेगळे दिसले की तपासणाऱ्यालाही समजतं. बोर्डवर वेल्ड केलेले असतील तर राहू द्या, पण मधला जंपर (सर्किट जोडणारी छोटी पिन) काढून ठेवा, प्रवासात बटण दाबलं जाऊन चालू व्हायला नको. विमानात ही बॅग आणि पॉवर बँक सीटखाली पायाशी ठेवा, डोक्यावरच्या कप्प्यात नको. कुठे काही तापलं तर लगेच लक्षात येईल.

आणि डब्याचं झाकण कसं बसतं ते बघा. चार स्क्रूंनी आवळलेलं असेल, तर "उघडा" म्हटल्यावर काय करणार? स्क्रूड्रायव्हर तर चेक-इनच्या बॅगेत गेलेला. एवढ्या प्रवासापुरते ते स्क्रू काढून टाका, झाकणावर रबरबँड किंवा कागदी चिकटपट्टी लावा आणि स्क्रू पाकिटात घालून चेक-इनला द्या. दिल्लीत स्टॉलवर बसून पुन्हा आवळायला दहा मिनिटं पुरतील.