उजनीतली चिलापी: काढून टाकायची की जपायची?

भीमाकाठ:
उजनी धरणाच्या मासळी लिलावात क्रेट भरून येते ती चिलापी (तिलापिया). वाम, शिंगटा, मरळ हे इथले मासे शोधावे लागतात. चिलापी हा आफ्रिकेतला मासा १९५२ साली भारतात आणला. १९५९ मध्ये त्याच्या प्रसाराला बंदी झाली, तोवर उशीर झाला होता. माझं मत स्पष्ट आहे: धरणातली चिलापी कमी करायलाच हवी. उन्हाळ्यात पाणी मागे सरलं की उघड्या गाळात थाळीसारखे गोल खड्डे दिसतात, ते चिलापीच्या नराने खणलेले. मादी त्यात अंडी घालते, लगेच तोंडात घेते आणि पिल्लं पोहती होईपर्यंत दहा-बारा दिवस तोंडातच सांभाळते. अंडी शेकड्यांतच, पण जगतात बरीच. आपल्या बहुतेक माशांची अंडी उघड्यावर पडतात आणि चिलापी तीही खाते.

जाळंवाला:
सगळा दोष चिलापीच्या माथी मारू नका. पुणे-पिंपरीचं सांडपाणी मुळा-मुठेतून, पवना-इंद्रायणीतून भीमेत येतं. पहाटे पाण्यातला प्राणवायू घसरला की तग धरतो तोच मासा उरतो. भिगवणपासून करमाळ्यापर्यंत किती घरं चिलापीवर चालतात! आणि परकं म्हणायचं तर दरवर्षी सोडतात ते रोहू-मृगळही गंगेच्या खोऱ्यातले.

तळ्यावरचा:
रोहूचं खरं आहे, पण त्याला अंडी घालायला पावसाळ्यातलं वाहतं पाणी लागतं. म्हणून तर दरवर्षी बोटुकली (बोटभर पिल्लं) सोडावी लागते. ती थांबवली की संख्या उतरते. चिलापीचं तसं नाही, साचलेल्या पाण्यातही ती वाढतच जाते. मात्र नुसती मासेमारी वाढवूनही भागणार नाही. मोठ्या आसाच्या (भोकांच्या) जाळ्याने मोठे मासे निघतात, मागे दाटी राहते आणि ८-१० सेंमीची बुटकी मादीच अंड्यावर येते. बारीक आसाचं वडाप (ओढायचं जाळं) ओढलं तर चिलापीबरोबर वाम-मरळीची पिल्लंही जातात, म्हणजे दुहेरी नुकसान.

भीमाकाठ:
म्हणूनच वडाप नको. फेब्रुवारी ते मे, खड्डे असलेल्या उथळ काठावर फेकजाळं टाकावं, दुसरी जात आली तर जिवंत परत सोडावी. सोबत १० सेंमीवरची मरळ सोडावी, ती चिलापीची पिल्लं खाते. धरणात चिलापीची खरी गळती ती पाळलेल्या शेततळ्यांतून होते. ‘सगळे नर’ म्हणून विकलेलं बीज संप्रेरकाचं खाद्य २१ ते २८ दिवस देऊन केलेलं असतं, तरी शंभरात चार-पाच माद्या राहू शकतात, आणि तेवढ्या पुरतात. सांडव्याला दुहेरी जाळी हवी, आतली जाड, बाहेरची बारीक. पाऊस सुरू झाला की पालापाचोळ्याने बारीक जाळी तुंबते आणि पाणी बांधावरून वाहतं, म्हणून ती रोज साफ करावी. तळं रिकामं करताना ओढून मासा काढणं पुरत नाही. तळाच्या डबक्यांत कळीचा चुना टाकून तळं पूर्ण वाळवावं लागतं.

जाळंवाला:
शेततळ्याच्या जाळीला माझा विरोध नाही. धरणाचं मात्र अडतं. बुटक्या चिलापीला भाव नाही, म्हणून फेकजाळ्याने दिवसभर ती काढायला कोणी उतरणार नाही. काठावरच किलोमागे ठरलेल्या दराने खरेदी करून ती मासळीच्या भुकटीसाठी पाठवली, तरच मच्छीमार वडाप सोडेल. ती खरेदी सुरू होईपर्यंत मी चिलापी जपण्याच्याच बाजूचा.