दुनळी बंदुकीला पावसाळ्यात कुठलं तेल लावायचं?

देवगडचो_बागायतदार
मंडळी, घरात शेती संरक्षण परवान्याची १२ बोअर दुनळी आहे, आजोबांच्या वेळची, आता परवाना माझ्या नावावर झालाय. वापर म्हणजे बागेत वानर नि डुक्कर शिरले की हवेत बार काढायचा, बाकी कपाटातच असते. बाबा खोबरेल लावायचे, मी शिलाई मशीनचं तेल लावतो, पण समुद्र जवळ असल्यामुळे जून-जुलैत नळीवर तांबूस ठिपके येतातच. त्यात आता आचारसंहिता लागली की पोलीस ठाण्यात जमा करावी लागणार, तिथे महिना-दीड महिना कोण पुसत बसणार? डब्ल्यूडी-४० मारून देऊ का? मित्र म्हणतो सरळ ग्रीस थाप सगळीकडे. नक्की काय लावू नि कुठे कुठे?

जुना_फौजी
आधी बंदूक बिजागरीत मोडून (म्हणजे उघडून) दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत का ते डोळ्यांनी बघा, मग चिंधी हातात घ्या.

डब्ल्यूडी-४० हे १९५३ साली अमेरिकेत सॅन दिएगोला पाणी हटवायला बनवलेलं औषध आहे, ॲटलस क्षेपणास्त्राचा पत्रा गंजू नये म्हणून वापरायचे. बंदूक पावसात भिजली तर मारा, पुसून काढा आणि मग खरं तेल लावा. त्यातला पातळ भाग उडून जातो, मागे राहतो तो थर महिनाभर खारी हवा झेलणारा नाही. शिलाई मशीनच्या तेलाचं पण तेच, सरकायला छान पण गंज अडवणारं त्यात फारसं काही नसतं. खोबरेल तर विसराच, २४ डिग्रीच्या खाली थिजतं आणि जुनं झालं की चिकट होऊन धूळ धरतं. गन ऑइल किंवा सीएलपी (साफ करणारं, वंगण देणारं नि गंज अडवणारं एकच तेल) म्हणून मिळतं ते घ्या, छोटी बाटली वर्षानुवर्षं पुरते.

नळी आतून ब्रश मारून कोरड्या चिंधीने साफ, मग तेलाची चिंधी, मग परत एक कोरडी, म्हणजे नुसता पापुद्रा राहतो. ग्रीस फक्त बिजागरीच्या पिनला आणि नळ्या जिथे लॉक होतात त्या खाचेला, तांदळाच्या दाण्याएवढं, बस. फायरिंग पिनच्या भोकात तेल अजिबात ओतू नका. तिथे मळ धरून घट्ट झालं की पिन जोरात आदळत नाही, काडतुसाच्या बुडाच्या टोपीवर हलका ठसा उमटतो आणि बार फुसका जातो.

आंबा_फणस
आमच्याकडे सगळे गाडीचं जळकं ऑइल लावतात, काय होत नाय.

जुना_फौजी
@आंबा_फणस होतं हो भाऊ, हळूहळू होतं. जळक्या ऑइलमध्ये आम्ल आणि काजळी असते, गंज रोखायचं सोडून तेच लोखंड खातं. अगदी अडलं तर नवीन इंजिन ऑइलचा पातळ हात चालेल.

सह्याद्री_शूटर
दादा सगळं बरोबर बोलले, लाकडाचं राहिलं. तेल जास्त झालं आणि बंदूक दस्त्यावर उभी ठेवली की ते निथळून दस्त्याच्या तोंडाशी लाकडात मुरतं, लाकूड काळं पडून मऊ होतं नि मग तडकतं. जुन्या दुनळ्या बघा, निम्म्यांचं तिथेच गेलेलं असतं. म्हणून तेल लावल्यावर रात्रभर तोंड खाली करून ठेवा.

जमा करताना बाहेरून नळीला पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवा, तेलापेक्षा ती टिकते. चामड्याच्या किंवा स्पंजच्या केसमध्ये घालून देऊ नका, ओल तिथेच धरते. हाताच्या घामाचे ठसे शेवटी पुसा, गंज बहुतेक तिथूनच सुरू होतो. आत्ताचे ठिपके असतील तर तेलात भिजवलेली ०००० नंबरची स्टील वूल हलक्या हाताने, सँडपेपर लावलात तर नळीचा काळानिळा रंग जाणार. जमा केल्याची पावती घ्या हे सांगायला नको. आणि परत आणल्यावर बार काढायच्या आधी नळीतलं तेल कोरडं करायचंच, चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं तिथे, तेल असलं की काडतुसाचा धक्का सगळा बिजागरीवर येतो.

आंबा_फणस
ठासणीच्या बंदुकीला पण हेच का? काकांकडे आहे.

जुना_फौजी
नाही, तिचं गणित वेगळं. तिच्यात ठासतात त्या काळ्या दारूची राख हवेतली ओल ओढून घेते, तिच्यावर तेल लावलं तर गंज तेलाखाली वाढतो. आधी साबणाचं कढत पाणी, नळीतून स्वच्छ पाणी येईपर्यंत, बार काढलाय त्याच दिवशी. नळी गरम असते तोवर कोरडी करा, मग तेल. आणि परत ठासायच्या आधी ते तेल पूर्ण पुसा, नाहीतर दारू भिजते, शिवाय खनिज तेल आणि काळी दारू मिळून नळीत डांबरासारखा राप बसतो.

देवगडचो_बागायतदार
खूप उपयोग झाला सगळ्यांचा. ग्रीस पंपाच्या बेअरिंगचं चालेल का? घरात डबा आहे.

जुना_फौजी
लिथियमचं मल्टिपर्पज असेल तर चालेल, पण नवा डबा फोडा. पंपाजवळ उघड्या पडलेल्या डब्यात वाळू असते, ती बिजागरीची पिन कानशीने घासल्यागत घासते.