एसी ट्रे आणि कूलर टाकीसाठी नॅनो-पृष्ठभागाचा पत्रा चालेल का?

पत्राकाम_हिंगणा:
दवाखान्यांच्या एसीखालचे ट्रे आणि डेझर्ट कूलरच्या टाक्या बनवतो. पावसाळा लागला की ट्रेमध्ये बुळबुळीत थर धरतो, कोपऱ्यात काळी बुरशी येते. धातूवर सिकाडा या किड्याच्या पंखासारखे सूक्ष्म काटे उठवले की जंतू मरतात, असं वाचलं. ६०६३ जातीच्या ॲल्युमिनियमवर हे वर्कशॉपमध्ये जमेल का? की सरळ तांब्याचा पत्रा लावावा?

जीवाणू_लॅब:
भाऊ, आधी काटे काम कसे करतात ते बघा. मेलबर्नच्या स्विनबर्न विद्यापीठातल्या गटाने २०१२ मध्ये सिकाडाच्या पंखावर हे दाखवलं. काट्यांची उंची सुमारे २०० नॅनोमीटर, दोन काट्यांमधलं अंतर सुमारे १७०. जीवाणू त्यावर टेकला की त्याचं आवरण काट्यांच्या मधल्या जागेत ताणलं जातं आणि फाटतं. स्यूडोमोनास हा जीवाणू काही मिनिटांत मरतो. जाड भिंतीचे ग्राम-पॉझिटिव्ह जीवाणू मात्र त्या पंखावर बरेचसे तगतात.

म्हणजे जो टेकला तोच मरतो. ट्रेमध्ये साचलेल्या पाण्यात तरंगणाऱ्याला काहीच होत नाही. मेलेल्या पेशी आणि धूळ काट्यांवर साचली की पुढचे जंतू त्या थरावर बसतात, धातूपर्यंत पोचतच नाहीत. कूलरमध्ये बोअरचं पाणी असेल तर क्षारांचा थर ही १००-२०० नॅनोमीटरची जागा लवकरच बुजवून टाकतो. बुरशीचं तर गणितच वेगळं. बीजाणू साधारण २ ते १० मायक्रॉनचा, भिंत कायटिनची, टणक. काट्यांवर तो नुसता बसून राहतो आणि ओल व धूळ मिळाली की रुजतो. ट्रेसाठी यावर पैसा घालू नका. दाराचे हँडल, लिफ्टची बटणं, सलाइन स्टँड अशा कोरड्या, हात लागणाऱ्या जागी याचा विचार करा.

ॲनोडायझिंग_वाडी:
नमुना करून बघायचा असेल तर सगळ्यात सोपी पद्धत गरम पाण्याची. पत्रा साबणाने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. मग ५ टक्के कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात, ५०-६० अंशांवर, १ ते २ मिनिटं. हायड्रोजन सुटतो, त्यामुळे हवा खेळती हवी आणि जवळपास वेल्डिंग नको. द्रावण बनवताना कॉस्टिक पाण्यात टाकायचं, उलट नाही. पत्रा बाहेर काढल्यावर बोटाला काळं लागतं तो स्मट. ३० टक्के नायट्रिक ॲसिडमध्ये अर्धा-एक मिनिट बुडवला की तो निघतो. धुऊन लगेच ९५ अंशांच्या वरच्या डीएम (क्षार काढलेल्या) पाण्यात ५ ते १० मिनिटं. पृष्ठभागावर बोहमाइट या ॲल्युमिनियमच्या संयुगाच्या बारीक, उभ्या पापुद्र्यांचं जाळं तयार होतं. पंखासारखे नीट ओळीतले काटे नसतात, तेव्हा पंखाचे आकडे याला लावू नका.

बहुतेक वेळा फसतं ते पाण्यामुळे. सिलिका किंवा फॉस्फेट असेल तर बोहमाइटची वाढ अडते. पश्चिम नागपूरच्या काळ्या दगडातल्या बोअरच्या पाण्यात सिलिका असते, म्हणून शेवटच्या उकळीला बोअरचं पाणी अजिबात नको. जमलं की नाही ते थेंबावरून कळतं: पाण्याचा थेंब गोल न राहता सपाट पसरला पाहिजे. पत्रा दोन दिवस कारखान्याच्या हवेत ठेवून थेंब टाकलात तर तेलकट वाफेमुळे तो पुन्हा गोल होतो, चाचणी ताज्या पत्र्यावरच करा. एकदा का घासणीने घासलात, की पापुद्रे मोडले. नागपूरजवळच्या आमच्या वाडी गावातच जेएनएआरडीडीसी ही ॲल्युमिनियमची केंद्रीय संशोधन संस्था आहे, तिथे जरूर विचारा.

एचव्हीएसी_धरमपेठ:
तांबं खरोखर मारक आहे. ६० टक्क्यांहून जास्त तांबं असलेल्या मिश्रधातूंना अमेरिकेच्या ईपीए या पर्यावरण संस्थेने जंतुनाशक म्हणून मान्यता दिली, दोन तासांत ९९.९ टक्के जीवाणू मरतात या निकषावर. पण ते स्वच्छ, पुसलेल्या पृष्ठभागावर. आणि जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) टाकीत तांब्याचा पत्रा टाकला तर आधी जस्त जातं, मग लोखंड सडतं. ॲल्युमिनियमच्या ट्रेमध्ये तांब्याचे विरघळलेले कण आले तरी बारीक भोकं पडतात.

ट्रेचा खरा उपाय उतार आहे. मीटरला १० मिलिमीटर, आउटलेट तळाच्या सगळ्यात खालच्या बिंदूवर. तळापासून अर्धा इंच वर पाइप जोडलात तर तेवढं पाणी कायम साचणार आणि थर तिथूनच धरणार. पंखा कॉइलमधून हवा ओढणारा असेल तर ड्रेनला यू-ट्रॅप हवाच, नाहीतर आतली ओढ पाणी बाहेर पडू देत नाही. कोपरे काटकोनात नकोत, गोलाई द्या, म्हणजे फडकं फिरतं.

पत्राकाम_हिंगणा:
ट्रेचं पटलं, उतारच सुधारतो. हँडलच्या पट्ट्या करून बघतो. "जंतुरोधक, बुरशीरोधक" लिहायला कोणती चाचणी लागते?

जीवाणू_लॅब:
जीवाणूंसाठी आयएसओ २२१९६. ५० बाय ५० मिलिमीटरचे तुकडे द्या: प्रक्रिया केलेले ३ आणि त्याच पत्र्याचे साधे ६. २४ तास, ३५ अंश, फिल्मखाली ओलं ठेवून मोजतात. हँडल कोरडं असतं, म्हणून हा निकाल तुमच्या बाजूने झुकलेला येतो, हे गिऱ्हाईकाला सांगा. या चाचणीवरून "बुरशीरोधक" लिहिता येत नाही. त्यासाठी बुरशीची वेगळी चाचणी लागते; एएसटीएम जी२१ ही २८ दिवसांची चाचणी प्लास्टिकसारख्या पदार्थांसाठी आहे, धातूसाठी नाही. आणि लॅबला पाठवण्याआधी प्रक्रिया केलेले तुकडे १०० वेळा ओल्या फडक्याने पुसून द्या, हँडलची तीच खरी अवस्था.