मदत हवी आहे – ओढ्यातले चढणीचे मासे कमी झालेत, कुठून सुरुवात करायची?

नमस्कार मंडळी, मी खानापूर तालुक्यातला, कणकुंबीच्या बाजूचा. आमच्या गावचा ओढा पुढं मलप्रभेला मिळतो. मृगाचा पाऊस पडला की मासे चढणीला लागायचे, म्हणजे अंडी घालायला प्रवाहाच्या उलट वर यायचे, रात्री बॅटरी घेऊन गेलं की पाण्यात नुसती चमचम दिसायची, आणि आता चार वर्षं झाली काय दिसतच नाही ओ.

सॅमन आणि ट्राउटबद्दल वाचत होतो, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडचे ओढे. ते मासे तळाच्या बारीक दगडगोट्यांत खळगा करून अंडी घालतात, वरून बारीक गाळ बसला की अंड्यांना ऑक्सिजन मिळत नाही आणि ती तिथंच मरतात. काठची झाडं तोडली की पाणी तापतं, तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो. पडलेली मोठी झाडं ओढ्यातच असली तर डोह तयार होतात, पिल्लांना उन्हाळ्यात तोच आसरा. कोहो सॅमनची पिल्लं तर वर्षभर ओढ्यातच राहतात.

आमचे मासे वेगळे, हे कळतंय मला. पण आमच्याकडं पण सगळं तेच झालंय की! जेसीबी लावून ओंडके काढले, डोह बुजले, आणि रस्त्याच्या मोरीचा पाइप पलीकडं गुडघाभर उंच लटकतोय, पाणी धो धो खाली पडतं, मासा चढणार कसा?

मोरीखाली दगड रचून पायऱ्या केल्या तर चालेल काय? कुणी केलंय काय असं? काठाला करंज लावावी की उंबर? जून यायच्या आत करायचंय, प्लीज सांगा.