जुन्या स्पोर्ट्स कारच्या दुरुस्तीला कधी हात लावलाय? (अनुभव धागा)

रिंगपाना

काल एका मित्राने जुना फोटो पाठवला. एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचं इंजिन गिअर बॉक्ससकट चेन पुलीवर लटकतंय, भोवती आम्ही सगळे हात वर करून उभे आणि एकही माणूस कॅमेऱ्याकडे बघत नाहीये. तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय, म्हणून हा धागा.

गाडी मित्राच्या वडिलांची, १९६६ची, उघडी दोन सीटची. ते गेल्यावर बरीच वर्षं ताडपत्रीखाली उभी होती. क्लच पार गेलेला. या गाडीत गिअर बॉक्स खालून निघत नाही, त्यामुळे क्लच प्लेट बदलायची तर इंजिन वर काढावंच लागतं. एकट्याचं काम नाही. मित्राने दोघांना विचारलं, त्या दोघांनी आणखी कोणाकोणाला सांगितलं आणि ठरलेल्या सकाळी दारात ही गर्दी! निवृत्त फिटर काका, एक दातांचे डॉक्टर, ही गाडी आधी फक्त चित्रात पाहिलेला कॉलेजचा पोरगा. काही जणांना तर मित्र स्वतःही ओळखत नव्हता.

काकांनी प्रत्येकाला जागा नेमून दिली. एक जण पुलीच्या साखळीवर, एक गिअर बॉक्सच्या शेपटाशी, एक स्टिअरिंगच्या दांड्यावर नजर ठेवायला. इंजिनाचं नाक वर, शेपूट खाली, असं तिरकं करून ते इंच इंच वर घ्यायचं. कोणीही ‘थांब’ म्हटलं की थांबायचं, कारण नंतर विचारायचं. हा नियम मी पुढे सगळीकडे पाळत आलोय.

उघडल्यावर दिसलं की क्लचच्या बेअरिंगमधलं कार्बनचं कडं झिजून संपलंय आणि धातूवर धातू घासतोय. नवी प्लेट अगदी मध्यावर बसावी लागते, नाहीतर गिअर बॉक्सचा शाफ्ट आत शिरतच नाही. त्यासाठी काकांनी घरून लाकडाचा दांडा त्या मापाचा तासून आणला होता. कोणी सांगितलं नव्हतं त्यांना.

आणि बॅटऱ्या! सीटच्या मागे सहा-सहा व्होल्टच्या दोन. जोडायच्या वेळी त्या कॉलेजच्या पोराने मित्राचा हात धरला. १९६७च्या आधीच्या एमजीबीत पॉझिटिव्ह अर्थ असतो, म्हणजे बॉडीला प्लस. पोराने आदल्या रात्री वाचून ठेवलं होतं. काकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि पुढचं सगळं वायरिंग त्याच्याकडे सोपवलं.

तुमचेही अनुभव लिहा. गाडी कुठलीही चालेल.

टॉपडाऊन

अहो पण सुरू झाली का ते लिहा ना आधी!!

रिंगपाना

झाली की :) त्या दिवशी नाही, पुढच्या रविवारी. पेट्रोलच्या टाकीत तळाला गंजाचा चिखल होता. टाकी खाली उतरवली, पाइप नवे टाकले, मग झाली.

पॅडलवाली

मी ब्रेकचं पॅडल दाबणारी मुलगी. बाबांच्या ट्रायम्फ स्पिटफायरच्या ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागायची, एक चाकाशी आणि एक आत. आत मी. पाय पुरत नसे म्हणून सीटच्या कडेवर बसायचे.

“दाब!” मी दाबायचे. “धर!” मी धरून ठेवायचे, पॅडल हळूहळू खाली जायचं, बाहेर बाटलीत बुडबुडे. ते निपल, म्हणजे चाकाशी असलेला हवा सोडायचा छोटा स्क्रू, घट्ट करायचे आणि मग “सोड!” निपल बंद व्हायच्या आत पाय उचलला तर बाहेरची हवा परत आत जाते, म्हणून त्या ‘सोड’ची वाट बघायची. पॅडल ज्यातून ब्रेक ऑइल ढकलतं त्या मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात, मग जवळ जवळ येत जायचं.

गिअर बॉक्सच्या वेळी बाबांचे दोन मित्र आले होते. स्पिटफायरचा गिअर बॉक्स गाडीच्या आतून निघतो, माहितेय का? सीटं काढायची, मधलं कव्हर काढायचं आणि तो जड गोळा मांडीवर घेतल्यासारखा बाहेर आणायचा. वर धागाकर्त्यांचं वाचून वाटलं, एकाच काळातल्या, दोन्ही १९६२ला आलेल्या गाड्या, आणि एकीत इंजिन काढा तर दुसरीत सीट काढा!

आज बाबांचे गुडघे वाकत नाहीत. आता ते आत बसतात, मी चाकाशी असते आणि “दाब, धर, सोड” मी म्हणते.

टॉपडाऊन

ताई, शेवटचं वाक्य परत परत वाचलं.

दोन_एसयू

घाईत लिहितोय. आमच्याकडे एक आजोबा होते, त्यांना फक्त कार्बोरेटर, म्हणजे इंजिनाला हवा-पेट्रोल मिसळून देणारे भाग, जुळवायला बोलवायचे. दोन असायचे, एसयू नावाचे. हातात एक रबरी नळी, दुसरं काही नाही. नळीचं एक टोक कानाशी, दुसरं एका एसयूच्या तोंडाशी, मग दुसऱ्याच्या. हवा ओढल्याचा ‘हिस्स’ दोन्हीकडे सारखा येईपर्यंत स्क्रू फिरवायचे. मग कार्बोरेटरमधला पिस्टन अगदी किंचित, मिलिमीटरभर उचलायचे. इंजिनाचा वेग वाढून तसाच राहिला तर पेट्रोल जास्त. मरायला लागलं तर कमी. जरासा वाढून परत जागेवर आला की झालं काम.

आम्ही सगळे श्वास रोखून उभे. कोणी बोललं की आजोबा नुसते बघायचे.

आणि हो, कार्बोरेटरच्या वरच्या टोपीत तेल भरा रे बाबांनो. पातळ इंजिन ऑइल, २० ग्रेडचं. ते नसेल तर अॅक्सिलरेटर दाबल्यावर गाडी अडखळते आणि लोक इग्निशन उघडून बसतात.

तिरका_बोल्ट

सगळं छान, पण थोडं वेगळं मत. जास्त हात म्हणजे जास्त मदत असं नसतं. एका ठिकाणी मी गेलो तर प्रत्येक जण काही ना काही उघडत होता. एकाने डिस्ट्रिब्युटरची (प्लगना ठिणगी वाटून देणारा भाग) कॅप काढली, दुसऱ्याने फ्युएल पंप, तिसऱ्याने डॅशबोर्ड. संध्याकाळी सगळे घरी गेले आणि मालक त्या ढिगाऱ्यापुढे एकटा. बारभाईचा कारभार. ती गाडी पुढे तशीच खोक्यांत विकली गेली, मला अजून वाईट वाटतं.

तेव्हापासून जिथे जातो तिथे मी आधी विचारतो, ‘इथे शब्द कोणाचा?’ धाग्यातल्या फिटर काकांसारखं कोणीतरी एक हवं. वायर काढायच्या आधी फोटो. बोल्ट पिशवीत, पिशवीवर चिठ्ठी. ज्याने उघडलं त्यानेच बंद करायचं. आणि मालकाला विचारल्याशिवाय पान्याला हात नाही.

रिंगपाना

शंभर टक्के पटलं. काकांनी त्या दिवशी एकाला पाना खाली ठेवायला लावला होता, ते लिहायचं राहिलं.

फायबरबॉडी

मी फक्त वायरिंगवाला. मित्राकडे लोटस इलान आहे. लाइट लागला तर इंडिकेटर बंद, इंडिकेटर चालू तर वायपर मंद. चार जणांनी येऊन बल्ब, फ्यूज, स्विच सगळं बदललं होतं. या गाडीची बॉडी फायबरची, खाली मधोमध पत्र्याचा कणा. फायबरमधून करंट परत जाणार कसा? म्हणून प्रत्येक दिव्याला स्वतंत्र अर्थची वायर असते. मागच्या कोपऱ्यातला एक जोड हिरवा पडला होता, आणि करंट भलत्या दिव्यातून वाट काढत होता. पॉलिश पेपरने घासला, घट्ट केला, सगळं लख्ख!

जुन्या गाड्यांच्या वायरिंगला लोक फार शिव्या देतात. मला तसं वाटत नाही. त्यांची साठ वर्षं झाली, आणि बहुतेक दोष अर्थिंगचे निघतात. आधी अर्थ तपासा, मग बाकीचं.

नवशिका_एमजी

ब्रेकवरून आठवलं, सिलिकॉनचं ब्रेक ऑइल टाकावं का? रंग खराब होत नाही म्हणे

जुना_फिटर

@नवशिका_एमजी, ‘डॉट’ म्हणजे ब्रेक ऑइलचे दर्जे. डॉट ३, डॉट ४ आणि ५.१ ही ग्लायकॉलची, हवेतलं पाणी पितात, रंगावर सांडली तर रंग उठतो. नुसतं डॉट ५ म्हणजे सिलिकॉन. पाणी पीत नाही, रंगाला काही करत नाही, पण त्यात हवेचे बुडबुडे अडकून राहतात आणि पॅडल स्पंजसारखं लागू शकतं. दोन्ही एकत्र कधीही करू नकोस. बदलायचंच तर सगळी सिस्टिम उघड, साफ कर, रबरं नवी टाक. मी स्वतः डॉट ४ टाकतो आणि दोन वर्षांनी बदलतो.

नवशिका_एमजी

धन्यवाद काका. रबरं तशीही गेलीच आहेत, मग करतोच सगळं

दारं_लागेनात

माझा अनुभव चांगला नाही पण लिहिते. आमची एमजीबी एका गॅरेजमध्ये दिली होती, दाराखालचे सिल गंजले होते म्हणून. या गाडीला वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, नाही, सिल हाच तिचा आधार. आत आडवा टेकू न लावता त्यांनी दोन्ही बाजूंचे सिल एकदम कापले. गाडी मधे बसली. दारं लागेनात. मी तिथेच रडले.

मग एका ओळखीच्या बाईंनी, त्या वेल्डिंग करतात, गाडी बघितली आणि म्हणाल्या, रविवारी सहा माणसं गोळा कर. त्यांनी दाराच्या चौकटीत लोखंडी टेकू बसवले, आम्ही दोन टोकांना जॅक लावून केसाकेसाने उचलत गेलो आणि त्या दाराची फट मोजत राहिल्या. वरची फट, खालची फट, परत वरची. दार ‘टक्’ करून लागलं तेव्हाच त्यांनी वेल्डिंग पेटवलं.

पॅडलवाली

बाप रे. मिठी तुम्हाला. त्या बाईंना नमस्कार सांगा.

जुना_फिटर

एमजीबीबद्दल एक दिलासा. १९८०पर्यंत पाच लाखांहून जास्त बनल्या, म्हणून सुटे भाग अजून मिळतात. १९८८पासून तर अख्खी नवी बॉडीसुद्धा मूळच्या साच्यांवर दाबून बनवायला लागले.

सगळ्यांना हात जोडून सांगतो, नुसत्या जॅकवर गाडीखाली जाऊ नका. स्टँड लावा, हलवून बघा, मगच जा. गर्दीत कोणीतरी गाडीला टेकतोच.

पानोपानी

अशाच एका मदतीतून काय उभं राहिलं बघा. जॉन हेन्स हे ब्रिटिश हवाई दलात होते. १९६५ साली एडनमध्ये नेमणूक असताना एका सहकाऱ्याने विचारलं, माझी ऑस्टिन-हीली स्प्राइट खोलून बांधायला मदत करशील का? ती ‘फ्रॉगआय’, बेडकासारख्या डोळ्यांची. कंपनीचं पुस्तक साध्या माणसाला उपयोगाचं नव्हतं. मग हेन्सनी गाडी खोलताना आणि जोडताना टप्प्याटप्प्याने फोटो काढले. त्यातून १९६६मध्ये त्यांचं पहिलं मॅन्युअल निघालं. ज्या पुस्तकांवर आपल्या सगळ्यांच्या तेलकट बोटांचे ठसे आहेत, त्यांची सुरुवात एका दोस्ताच्या गाडीपासून झाली.

वरती तिरका_बोल्ट म्हणतात ना, काढायच्या आधी फोटो. तेच.

तिरका_बोल्ट

हे माहीत नव्हतं! पुस्तकाकडे आता वेगळ्या नजरेने बघेन.

गोल_शेपूट

आल्फा रोमिओ स्पायडर, इटालियन गाडी. १९६६ला आली, नामवंत इटालियन डिझायनर बाप्तिस्ता पिनिनफारिना यांचं शेवटचं डिझाइन मानतात, त्याच वर्षी ते गेले. आमच्यातल्या एका भाऊंकडे आहे. इंजिन अर्धं बांधून झालं होतं आणि भाऊंना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. वहिनी म्हणाल्या, गाडी विकू का? आम्ही म्हटलं, थांबा.

दर शनिवारी जमेल तो यायचा. भाऊ खुर्चीत, डावा हात मोकळा. चुकीचा पाना उचलला की ते खुर्चीच्या दांड्यावर ठक् ठक् करायचे. बरोबर असलं की काही नाही.

इंजिन सुरू झालं त्या दिवशी सगळे ओरडले, एकमेकांना मिठ्या मारल्या. भाऊ मात्र मान हलवताहेत, नाही नाही. मग त्यांनी डावी मूठ धरली आणि अगदी थोडी फिरवली. आम्हाला कळेना. वहिनींना कळलं, “डिस्ट्रिब्युटर फिरवा म्हणताहेत.” एकाने बोल्ट सैल केला, तेवढंच फिरवलं. रेस केल्यावर येणारा तो ठकठक आवाज गेला. आम्ही इतके जण उभे होतो, कोणाच्या कानाला लागला नव्हता.

दोन_एसयू

काय माणूस! भाऊंना माझा दंडवत.

टॉपडाऊन

आता कसे आहेत ते?

गोल_शेपूट

बरे आहेत. थोडं बोलतात. चालवत नाहीत, शेजारी बसतात आणि गिअर उशिरा टाकला की दारावर ठक् करतात.

व्हिटवर्थ

विषयांतर आहे, माफ करा. एमजी टीसी या जुन्या एमजीच्या इंजिनाचं काम काढलंय, कोणाकडे व्हिटवर्थ (जुनं ब्रिटिश माप) पाने आहेत का उसने? या इंजिनात आटे मेट्रिक, फ्रेंच वळणाचे, आणि बोल्टची डोकी व्हिटवर्थ मापाची. मॉरिस या ब्रिटिश मोटार कंपनीने कॉव्हेंट्रीतला हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा इंजिन कारखाना घेतला, त्या यंत्रांची ही देणगी. साधा पाना लावला तर डोकं गोल होतं.

जुना_फिटर

माझ्याकडे पूर्ण संच आहे. वापर, पण पुसून परत दे.

सहा_सिलिंडर

मीही विचारून घेतो. डॅटसन २४०झेड, बरीच वर्षं उभी, इंजिन फिरतच नाही. स्टार्टर मारून बघू का?

जुना_फिटर

नको!! स्टार्टरला हात लावू नकोस. सहाही प्लग काढ, प्रत्येक सिलिंडरमध्ये गंज सोडवणारं तेल सोड, आणि चार-पाच दिवस विसरून जा. मग क्रँकच्या पुलीच्या बोल्टवर लांब पाना लावून मागे-पुढे, मागे-पुढे. जोर नाही लावायचा, हललं की परत तेल. ओढून तोडू नकोस.

दोन_एसयू

त्यात पण एसयू पद्धतीचेच दोन कार्बोरेटर आहेत. फिरलं की सांगा, नळी घेऊन येतो. आजोबांची नळी आता माझ्याकडे आहे.

फायबरबॉडी

अर्थिंग बघायला मी येतो.

सहा_सिलिंडर

तेल आज रात्रीच सोडतो. पुढचा रविवार चालेल का सगळ्यांना?

पॅडलवाली

ब्रेक करणार असाल तर बाबा आणि मी दोघं येऊ. ते आत बसतील.

तिरका_बोल्ट

येतो. शब्द फिटर काकांचा असेल तर.