पुसट जाहिराती 'परत रंगवा' म्हणणाऱ्यांनी आधी ब्रश खाली ठेवा

तिरपी रेघ (धागाकर्ता)

जुन्या इमारतींवरच्या रंगवलेल्या जाहिरातींच्या धाग्यावर काल एका सदस्याने तीन ओळींत निकाल लावला: पुसट जाहिरात म्हणजे अर्धमेली जाहिरात, वाळू मारून भिंत साफ करा आणि मूळ रंगात झकास रंगवून घ्या. खाली "+१"ची रांग. तिथे लिहिलेलं उत्तर धाग्यापेक्षा लांब व्हायला लागलं, म्हणून हा वेगळा धागा.

मूळ म्हणजे कुठलं? जाहिरातीची भिंत भाड्याची असायची. करार संपला की त्याच भिंतीवर दुसरा माल. आधीचं खरवडत बसायला वेळ कुणाला होता? पार्श्वभूमीचा एक हात मारला की नवं काम सुरू. म्हणून आज एकाच जागी साबण, तंबाखू आणि पोटदुखीचं औषध एकमेकांतून डोकावतात. यातलं एक निवडून रंगवलंत की बाकीची दोन संपली.

अक्षरं टिकली ती सफेद्यामुळे. शिशाचा सफेदा, म्हणजे शिशापासून केलेली पांढरी भुकटी, जवसाच्या तेलात घोटला की तेलातल्या आम्लांशी मिळून शिशाचे साबण तयार होतात. तो थर चिवट आणि लवचिक असतो, भिंत तापली-निवली तरी सहजी तडकत नाही. पार्श्वभूमीला बऱ्याचदा काजळीचा पातळ हात. काजळी उन्हाने उडत नाही, पण तिला धरून ठेवणारं तेल उन्हाने मरतं आणि मग पाऊस तिला धुऊन नेतो. काही भिंतींवर तर रंग पूर्ण गेलाय, पण अक्षराखालची वीट इतकी वर्षं धुरापासून झाकलेली होती की फिक्या विटेचंच अक्षर उरलंय. आजूबाजूचा मळ काढला की ते अक्षरही गेलं!

राहता राहिली वाळू. भाजताना विटेच्या बाहेरच्या अंगाला कडक कवच येतं. वाळूच्या माऱ्याने ते उडतं आणि आतली मऊ वीट पाणी प्यायला लागते. अमेरिकेच्या नॅशनल पार्क सर्व्हिसने १९७९ मध्ये या एका विषयावर स्वतंत्र पुस्तिका काढली होती. शिवाय सफेद्याची धूळ म्हणजे शिशाची धूळ, ती गल्लीभर उडणार हे त्या तीन ओळींत नव्हतं.

ओळंबा

वाळूबद्दल मान्य. बाकी ही अवशेषपूजा आहे. ज्यांनी या जाहिराती रंगवल्या त्यांना 'पुसट' हा शब्द शिवीसारखा होता. अमेरिकेत हार्ले वॉरिक या रंगाऱ्याने १९४६ पासून मेल पाउच तंबाखूच्या जाहिराती गोठ्यांवर रंगवल्या, त्यांच्याच अंदाजाने सुमारे २०,००० गोठे. दर काही वर्षांनी त्याच गोठ्यावर फिरून नवा हात. खाका नाही, काही नाही, 'CHEW' (चघळा) या शब्दातल्या E अक्षरापासून सुरुवात! पुन्हा रंगवणं हा या कलेचा भागच आहे. तुम्ही फक्त शेवटच्या हातानंतरचं दुर्लक्ष जपताय.

आणि कार्टर्सव्हिलचं काय? जॉर्जियातल्या त्या औषधाच्या दुकानाच्या भिंतीवरची १८९४ ची कोका-कोलाची जाहिरात वरचे थर काढून परत उजळली. आज लोक ती बघायला जातात. पुसट ठेवली असती तर कुत्रं फिरकलं नसतं.

तिरपी रेघ

म्हणजे माझाच मुद्दा. वरचे थर *काढून*. ते थर आता कुठे आहेत?

वॉरिक यांचं उदाहरणही चुकीच्या जागी लावलंत. तो माल बाजारात होता, कंपनी पैसे देत होती, हात तोच होता. कंपनी बुडाल्यावर दुसऱ्या कुणी फोटो बघून गिरवलं तर ती नक्कल. नक्कल करा की, शेजारच्या भिंतीवर करा.

गल्लीबोळ

थर, थर काय लावलंय? कुठला थर कधीचा हे कळत असेल तर अर्थ आहे. किमतीवरून काळ सहज लागतो. '५ सेंट' दिसलं की जाहिरात विसाव्या शतकाच्या सुरुवातीची.

ओळंबा

@गल्लीबोळ, कोका-कोला १८८६ पासून १९५० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत ५ सेंटलाच मिळत होता. सत्तर वर्षांची 'सुरुवात' आहे तुमची.

निळी शाई

तुम्ही दोघं उगाच भांडताय. पुसट भिंतीवर फवाऱ्याने पाणी मारा, अक्षरं लख्ख उठतात. विटेतली आणि झिजलेल्या रंगातली बारीक छिद्रं पाण्याने भरली की उजेड विखुरत नाही आणि रंग गडद दिसतो. फोटोवाले हेच करतात. मग हा ओला रंग कायमचा ठेवणारा क्लिअर कोट मारा ना! रंगवायला नको, पुसायला नको. दोन हात पारदर्शक अ‍ॅक्रिलिक, विषय संपला.

खारफुटी

विषय नाही, भिंत संपली.

क्लिअर कोटचं नाव काढलं की माझं डोकं फिरतं, म्हणून सविस्तर. भिंतीत पाणी फक्त समोरून येत नाही. वरच्या फुटक्या पन्हळीतून, भिंतीच्या माथ्यावरून, पायातून, मागच्या बाजूने येतं. येताना विटेतले आणि चुन्यातले क्षार विरघळवून आणतं. मोकळ्या भिंतीत पाणी पृष्ठभागावर येऊन उडतं आणि क्षार पांढऱ्या भुकटीसारखे बाहेर फुटतात. दिसायला घाण, पण मऊ ब्रशने कोरडेच झाडता येतात. तुमच्या पारदर्शक थराने वाट अडवली की तेच क्षार रंगाच्या *मागे* जमून स्फटिक धरतात. स्फटिक वाढतो, रंगाचा पापुद्रा सुटतो आणि सोबत विटेचं कवचही घेऊन येतो. बोटाच्या पेराने हलकं ठोकून बघा, बद्द वाजलं की तिथलं अक्षर भिंतीला नुसतं टेकलेलं आहे.

निळी शाई

तुमचं ज्ञान जुनं आहे. सिलेन-सिलॉक्सेन मारा, विटेत मुरून पाणी झटकणारं रसायन. थर धरत नाही, वाफ बाहेर जाऊ देतं. जरा वाचत चला.

खारफुटी

वाचून झालंय, तुम्ही डब्यावरची मागची बाजूही वाचा. वाफ जाते, क्षार जात नाहीत. पाणी वाफ होऊन निघून गेलं की क्षार रसायन जिथवर मुरलंय त्याच्या मागच्या कडेला साचतात, म्हणजे पृष्ठभागाच्या जरा आत. मग पापुद्रा नाही, अख्खी टवकी निघते. आणि एकदा मारलेलं काढता येत नाही. वर म्हणजे, त्याने ओला रंग दिसतही नाही! तुम्हाला हवं होतं ते मिळालं नाहीच, भिंतही गेली.

सुटे पापुद्रे बसवायचेच असतील तर पॅरालॉइड बी-७२ (एक अ‍ॅक्रिलिक राळ), पातळ द्रावण, बारीक ब्रशने फक्त सुटलेल्या कडेखाली. पुढे अ‍ॅसिटोनने काढता येतं, म्हणून संवर्धनवाल्यांना ते आवडतं. पण ते साधारण ४० अंशांना मऊ पडतं. उन्हाच्या भिंतीवर सरसकट फासलंत तर दुपारी चिकट होऊन रस्त्याची धूळ धरेल.

ओळंबा

वा, म्हणजे काहीच करायचं नाही. हात जोडून उभं राहायचं.

खारफुटी

करायचं ना. पन्हळ दुरुस्त करा, भिंतीचा माथा झाका. विटांच्या दरजा भरायच्या तर चुन्यात, सिमेंटमध्ये नाही. सिमेंट विटेपेक्षा कडक, ओल मग विटेतूनच निघते आणि वीट कुजते. दरजा ग्राइंडरने उकरू नका, अक्षरातून आडव्या पांढऱ्या रेघा जातात आणि विटेच्या कडा कापल्या जातात. फक्त निकामी झालेल्या दरजा, हाताने, छिन्नीने. ही कामं फोटोत दिसत नाहीत, म्हणून कुणी पैसे देत नाही.

कडू काढा

एवढ्या प्रेमाने जपताय काय ते तरी बघा. इंग्लंडमधल्या यॉर्कची ती लाडकी 'बाइल बीन्स' या औषधाच्या जाहिरातीची भिंत २०१२ मध्ये परत रंगवली. औषध कसलं? ऑस्ट्रेलियातल्या वनस्पतीचा शोध म्हणून विकलेला जुलाब. १९०५-०६ मध्ये स्कॉटलंडच्या न्यायालयात हा धंदाच फसवणुकीवर उभा असल्याचं ठरलं. शंभर वर्षांनी त्या फसवणुकीला ताजा रंग! पुसट असती तर निदान खोटंही पुसट राहिलं असतं.

तिरपी रेघ

@कडू काढा, पुसट ठेवायला तुमचं हेही कारण चालेल, पण तुमच्या हाती दिलं तर तुम्ही चुना फासाल.

ओळंबा

ठीक आहे, जिथे तीन-तीन थर एकमेकांतून दिसतात तिथे हात लावू नये. दिलं. पण एकच जाहिरात आहे आणि निम्मी गेलीय, तिथे रंगवायचं कसं ते तरी नीट सांगू द्या, कारण तेही लोक बिघडवतात. रस्त्यावरून वर कॅमेरा धरून काढलेल्या फोटोवरून खाका करतात. वरची अक्षरं फोटोत आखूड येतात आणि भिंतीवर बुटकी होतात. फोटोवर विसंबू नका, विटांचे थर मोजा. अक्षर १४ थर उंच असेल तर कागदावरही १४ थर. मग पूर्ण मापाचा कागद, रेषेवर टोचणीच्या चाकाने भोकं, मलमलच्या पुरचुंडीत कोळशाची भुकटी घेऊन थापायची. भिंत दमट असेल तर भुकटी लगद्यासारखी बसते आणि रेघ फुगते, तेव्हा कोरड्या दिवशीच. ज्या कडा अजून दिसतात त्यांच्या आतच थांबायचं.

तिरपी रेघ

हे इतकं नीट करणारा माणूस मिळाला तर मी गप्प बसेन. मिळत नाही म्हणून बोलतोय. रंगच बघायचे असतील तर रात्री प्रोजेक्टर लावा, कॅनडातल्या विनिपेगमध्ये जुन्या भिंतींवर तसं केलंय. सकाळी भिंत जशीच्या तशी.

ओळंबा

चालेल. दिवसा तुमची, रात्री आमची.

निळी शाई

क्लिअर कोटवर माझं मत कायम आहे. बाकी चालू द्या.

गल्लीबोळ

आणि माझ्या ५ सेंटवाल्या भिंतीचा काळ कसा लावायचा ते कुणीच सांगितलं नाही.

ओळंबा

पत्ता लिहिलाय का बघा. मोठ्या अमेरिकन शहराच्या नावापुढे एक-दोन आकडी टपाल विभाग असेल तर १९४३ नंतरची. पाच आकडी झिप कोड (तिकडचा पिन) असेल तर १९६३ नंतरची, आणि मग तुमचे ५ सेंट कोका-कोलाचे नाहीत.