मदत हवी आहे: डिझायर डिझेल २०१८, मीटरवर ५२ हजार, पण आकडे जुळत नाहीत

दापोडीकर

नमस्कार मंडळी. पुण्यातल्या एका जुन्या गाड्यांच्या डीलरकडे मारुती डिझायर व्हीडीआय बघितली आहे. एमएच १४ पासिंग, नोंदणी जून २०१८, आरसीवर एकच मालक, कर्जाचा बोजा नाही. मीटरवर ५२,३४० किमी. १५ हजार टोकन दिलं आहे, पावती आहे.

शंका येण्याची कारणं:
- ऑथराइज्ड सर्व्हिसची शेवटची नोंद डिसेंबर २०२०, ३१,८८० किमी. त्यानंतर काहीच नाही. "मालक बाहेर सर्व्हिस करायचे," असं डीलर सांगतो.
- चारही टायरवर ३८२२ असा आकडा. नक्षी चारही टायरवर सारखीच झिजलेली, साधारण अडीच मिमी उरली आहे.
- क्लच पेडलचं रबर एका कोपऱ्यात गुळगुळीत, ब्रेक पेडलचं मात्र कोरं करकरीत.
- चालू विमा पॉलिसीवर एनसीबी (नो क्लेम बोनस, क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) २० टक्के.

मीटर मागे घेतलंय का, हे खात्रीने कसं कळेल? पुढच्या आठवड्यात उरलेले पैसे द्यायचे आहेत.

चाकण_फिटर

पैसे थांबवा. आधी हिशेब करू.

जून २०१८ ते डिसेंबर २०२० म्हणजे ३० महिने, ३१,८८० किमी. महिन्याला हजारच्या वर, तेही मधे लॉकडाऊन असताना. त्यानंतर आजपर्यंत (सप्टेंबर २०२५) ५७ महिन्यांत मीटरप्रमाणे फक्त २०,४६०, म्हणजे महिन्याला ३६०. घरून काम सुरू झालं असेल तर असं होऊही शकतं, त्यामुळे एवढ्यावरून निकाल लावता येत नाही. पण टायरकडे बघा. ३८२२ म्हणजे २०२२ सालच्या ३८व्या आठवड्यात बनलेला टायर. नव्या टायरची नक्षी ८ मिमीच्या आसपास असते. मीटर खरं धरलं तर या टायरांनी तीन वर्षांत जेमतेम १३ हजार किमी केलेत आणि तेवढ्यात साडेपाच मिमी झिजले. अलाइनमेंट बिघडली असती तर एकच कड खाल्ली गेली असती. चारही टायर सारखे झिजलेत, म्हणजे ही रनिंगची झीज आहे. १६५/८० आर १४ साइजचा टायर डिझायरवर नीट वापरला तर ४० हजार सहज जातो.

ब्रेक पेडलचं रबर बदललंय, ते काही आपोआप कोरं राहत नाही.

आता पुढची डिस्क बघा. किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते, नवी डिस्क त्याहून साधारण २ मिमी जाड. कडेला गंजाची उंच कड असते ती सोडून आतल्या भागात वर्नियर (जाडी मोजायचं साधन) लावा. किमान जाडीला टेकलेली डिस्क आणि ५२ हजार किमी हे डिझायरमध्ये जुळत नाही. डिस्क अगदी नवी दिसली तर ती का बदलली ते विचारा.

ईसीयू_वाचक

मीटर कसं फिरवतात ते समजलं की कुठे शोधायचं तेही समजतं. डिजिटल मीटरमध्ये किलोमीटरचा आकडा क्लस्टरच्या, म्हणजे मीटरच्या पॅनेलच्या, बोर्डावरच्या आठ पायांच्या छोट्या मेमरी चिपमध्ये असतो. काही गाड्यांत ओबीडी सॉकेटला (तपासणीचं यंत्र जोडायची जागा) केबल लावून तो बदलता येतो, काहींत क्लस्टर बाहेर काढून चिप थेट वाचावी लागते. दुसऱ्या प्रकारात खुणा राहतात. मीटरच्या भोवतीची प्लास्टिकची चौकट नखाने चाचपून बघा, पट्टीने उचकटल्याचे ओरखडे लागतात. स्क्रूच्या डोक्यावरचा काळा रंग उडालेला असतो. काचेच्या आतल्या बाजूला बोटांचे ठसे असतील तर क्लस्टर नक्की उघडलाय.

आकडा बदलणारे बहुतेकदा फक्त क्लस्टरला हात लावतात, इंजिनच्या कंप्युटरला, म्हणजे ईसीयूला, नाही. ईएलएम ३२७ चा ब्लूटूथ डोंगल स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावा आणि मोबाइल ॲपमध्ये दोन गोष्टी वाचा: बिघाडाचे कोड क्लिअर केल्यापासूनचं (पुसल्यापासूनचं) अंतर, आणि इंजिन किती तास चाललं. अंतराचा आकडा मीटरपेक्षा मोठा आला तर वादच संपला. पण लहान आला म्हणून गाडी निर्दोष ठरत नाही, कारण कोड क्लिअर केले की तो शून्यापासून मोजायला लागतो. शिवाय तो ६५,५३५ च्या पुढे जात नाही. इंजिनचे एकूण तास सगळ्या ईसीयू देत नाहीत, दिले तर किलोमीटरला तासांनी भागा. शहरात-हायवेवर मिसळून चाललेल्या गाडीचा सरासरी वेग ताशी २५ ते ४० येतो. १०-१२ आला तर मीटर खोटं बोलतंय, अपवाद फक्त तासन्‌तास उभ्या उभ्या एसी चालवलेल्या गाडीचा.

वाकडचा वाटसरू

यात थोडी भर. टुरिस्टमध्ये चाललेली गाडी पांढऱ्या पाटीवर आणून विकण्याचा प्रकार डिझेल डिझायरमध्ये फार आहे. परिवहनच्या साइटवर गाडीचा वर्ग बघा, आणि आरसीवर आधी परमिट होतं का ते आरटीओत विचारा. टुरिस्ट गाडीला वेग रोखणारा स्पीड गव्हर्नर असतो, तो काढल्याच्या खुणा ॲक्सिलरेटरच्या वायरिंगजवळ शोधा, कापून टेप मारलेल्या वायरी दिसतात.

पॉलिसीवाचन

सगळ्यात महत्त्वाचा धागा तुम्ही स्वतःच दिलाय: एनसीबी २० टक्के. २०१८ची एकाच मालकाची गाडी, एकही क्लेम नसता तर आज ५० टक्के असती. दर वर्षाची चढण अशी असते: २०, २५, ३५, ४५, ५०. आज २० म्हणजे जून २०२४च्या नूतनीकरणाला ती शून्य झाली होती. याची दोनच कारणं संभवतात. एक, पॉलिसी संपून ९० दिवसांपेक्षा जास्त खंड पडला. दुसरं, जून २०२३ ते जून २०२४ या काळात क्लेम झाला.

क्लेम झाला असेल तर विमा कंपनीचा सर्व्हेअर गाडी बघून गेला असणार, आणि सर्व्हे रिपोर्टमध्ये ओडोमीटरचं रीडिंग लिहिलेलं असतं. सर्व्हेअरला गाडीच्या पुढच्या विक्रीशी काही घेणंदेणं नसतं, म्हणून हा आकडा सोन्यासारखा. मीटरकडे बघत बसण्यापेक्षा असे त्रयस्थाने लिहिलेले आकडे गोळा करा: सर्व्हे रिपोर्ट, गॅरेजचं जॉब कार्ड, टायरच्या दुकानाचं बिल, बॅटरीचं वॉरंटी कार्ड. रिपोर्टची प्रत पॉलिसीधारकाला मिळते, तुम्हाला नाही. म्हणून आरसीवरच्या मालकाशी थेट बोलणं हवं. डीलर नंबर देत नसेल तर तेही एक उत्तरच आहे.

मालक तयार असेल तर फास्टॅगचं स्टेटमेंटही मागा, बँकेच्या पोर्टलवरून त्यांना काढता येतं. मुंबई-पुणे एक्सप्रेस वे एका बाजूने सुमारे ९५ किमी. महिन्यात चार वेळा जाऊन-येऊन म्हटलं तरी नुसते तिथेच ७६० किमी होतात, आणि मीटर महिन्याला ३६० सांगतंय.

दापोडीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. जे हाती आलं ते असं:

ओबीडीवर कोड क्लिअर केल्यापासूनचं अंतर ४१२ किमी. इंजिनचे तास मिळत नाहीत. क्लस्टरच्या चौकटीवर डाव्या बाजूला दोन ओरखडे आहेत. परिवहनवर गाडी खासगीच आहे.

मूळ मालकांशी बोलणं झालं. त्यांनी गाडी मार्चमध्ये एका एजंटला दिली होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुढचा बंपर आणि रेडिएटरचा क्लेम झाला होता, काम मल्टिब्रँड गॅरेजमध्ये. सर्व्हे रिपोर्ट त्यांनी विमा कंपनीकडून मागवून पाठवला. रीडिंग १,०९,७१६ किमी.

आता टोकन परत मिळवायचं आणि शक्य तर तक्रारही करायची आहे. मूळ मालकांना त्रास होऊ नये.

पॉलिसीवाचन

म्हणजे डिसेंबर २०२० नंतर महिन्याला दोन हजारांच्या वर रनिंग होतं. मार्चमध्ये देताना मीटर किती होतं ते मालकांकडून व्हॉट्सॲपवर लेखी घ्या, त्यांचाही बचाव त्यातच आहे.

आरटीओ_रोड

टोकनसाठी डीलरला ईमेल आणि स्पीड पोस्टाने पत्र द्या: जाहिरातीतलं रीडिंग, सर्व्हे रिपोर्टमधलं रीडिंग, सात दिवसांत टोकन परत. पत्रात "तुम्हीच मीटर फिरवलं" असं लिहू नका. ते एजंटने केलं की डीलरने, हे तुम्हाला सिद्ध करता येणार नाही. खोटं रीडिंग सांगून गाडी विकायला काढली, एवढं पुरेसं आहे.

नाही दिलं तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार, आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षं. विकणारा व्यापारी आहे म्हणून हा मार्ग खुला आहे. कुणी आपली स्वतःची गाडी थेट विकली असती तर ग्राहक आयोगाऐवजी पोलिसांत फसवणुकीची तक्रार, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, किंवा दिवाणी दावा करावा लागला असता.

डीलरला आणखी एक विचारा: फॉर्म २९ बी, म्हणजे जुन्या वाहनांचा व्यापार करण्याचं आरटीओचं प्राधिकारपत्र, आहे का? १ एप्रिल २०२३ पासून हे लागू आहे. गाडी अशा डीलरच्या ताब्यात दिल्याची सूचना आरटीओला फॉर्म २९ सी मध्ये द्यायची असते, आणि ताब्यातल्या गाडीच्या प्रत्येक फेरीची नोंद किलोमीटरसह इलेक्ट्रॉनिक रजिस्टरमध्ये ठेवायची असते. गाडी त्याच्याकडे आली तेव्हाचं रीडिंग त्या रजिस्टरमधून निघतं. रजिस्टरच नसेल तर आरटीओकडे लेखी तक्रार करता येते.

चाकण_फिटर

कुणी म्हणालं "किंमत कमी करून देतो, घेऊन टाका", तर गाडी दीड लाख किमीची आहे असं धरूनच बोला. क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट, सस्पेन्शनमधले लोअर आर्मचे बुश, लिंक रॉड हा खर्च धरा, आणि सकाळी थंड इंजिन सुरू करताना टायमिंग चेनचा खडखडाट ऐकून घ्या. कूलंट आणि गिअर ऑइल कधी बदललं हे कुणालाच माहीत नसणार. मी तरी ही गाडी घेऊ नका म्हणेन. एक आकडा बदलणाऱ्याने बाकी काय झाकलं असेल ते इंजिन उघडल्याशिवाय दिसत नाही.

आरटीओ_रोड

आणि पत्र पाठवण्याआधी, आजच, ऑनलाइन जाहिरातीचे स्क्रीनशॉट घ्या: रीडिंग, गाडीचा नंबर, तारीख आणि लिंक एकाच फ्रेममध्ये दिसली पाहिजे. मीटरचा फोटो आणि टोकनची पावतीही त्याच फोल्डरमध्ये ठेवा. पत्र हातात पडलं की डीलर जाहिरात काढून टाकतो.